एक जानेवारीपर्यंत जपायचं

१४ ऑक्टोबर, मंगळवार

जाऊबाईंचं मनगट मोडलं. पडल्या नाहीत, घसरल्या नाहीत. खुर्चीत बसून काचेच्या बरणीचं झाकण पिळत होत्या. कट्ट आवाज आला तेव्हा मला वाटलं बरणीच तडकली. मी ओरडले, "किती वेळा सांगितलं, घट्ट झाकणं मला देत जा!" आणि बघते तर बरणी शाबूत आणि जाऊबाई पांढऱ्याफटक.

दवाखान्यात प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरनं तीनदा विचारलं, "नक्की पडल्या नाहीत ना?" मग त्यानं कार्डावरचं वय पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "घरात आणखी कोण असतं?" म्हटलं, आम्ही दोघीच. त्याची नजर माझ्या हातांवर गेली. लॉन्ड्रीत ओल्या चादरी उचलून माझे हात पैलवानासारखे झालेत हे खरं, पण म्हणून काय मी थोरल्या जावेला मारते?

"एकोणपन्नासाव्या वर्षी झाकण उघडताना हाड मोडत नाही," तो म्हणाला.

मी घाबरले आणि पटकन म्हणाले, "पडल्याच होत्या. न्हाणीघरात. लाजतात सांगायला." त्यानं तसं लिहून घेतलं आणि विषय मिटला. जाऊबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खिडकीकडे बघायला लागले.

त्या एकोणपन्नासच्या नाहीत. एकसष्टच्या आहेत. हे जगात आम्हां दोघींनाच माहीत आहे.

१५ ऑक्टोबर

आज कामावर लक्ष नव्हतं. तीन चादरी दुमडून यंत्रात गेल्या आणि मुकादमबाईंनी सगळ्यांदेखत माझी हजेरी घेतली.

कधी नव्हे ते लिहूनच काढते. लिहिल्यानं डोकं हलकं होतं असं म्हणतात, बघू. आठ वर्षांपूर्वी आसरा मागायला या देशात आलो तेव्हा सीमेवरच्या टेबलापुढे दोघींच्या वतीनं मीच बोलले. आमचे नवरे सख्खे भाऊ. दोघंही तिकडेच मातीत गेले, उरलो आम्ही दोघी जावा आणि एक गाठोडं. रांगेत कुजबुज होती की पन्नाशीच्या वरच्यांना वेगळ्या गाडीत बसवतात. ती गाडी कुठे जाते ते कुणालाच धड सांगता येत नव्हतं. जाऊबाई तेव्हा त्रेपन्नच्या. लिहिणाऱ्यानं मान वर न करता विचारलं, "हिचं वय?" माझ्या तोंडून निघालं, "एक्केचाळीस."

अठ्ठेचाळीस म्हणाले असते तरी भागलं असतं. पण त्या वेळी कुणाला मोजमाप सुचतं? मग माझं वयही ओघानं खाली आलं, चव्वेचाळीसचे छत्तीस केले. जन्मतारखेचा पुरावा कुणाकडेच नव्हता, म्हणून त्यानं झाडून सगळ्यांची एक जानेवारी लिहिली. आमच्या या इमारतीत साठएक माणसं राहतात, त्यातली निम्म्याहून जास्त एकाच दिवशी जन्मलेली आहेत.

खाली दारातच पाटी लावली आहे: खोटी माहिती देणाऱ्याचं कार्ड रद्द होईल. येता-जाता वाचावी लागते. वाचायची नाही म्हटलं तरी डोळे जातातच.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आमची इमारत आधी शाळा होती. शिक्षकांच्या जुन्या खोलीत दर गुरुवारी सिस्टर येते, रक्तदाब बघते, गोळ्या देते. आज तिनं कामावरून परतलेल्यांसकट सगळ्या बायकांना बोलावलं. हाडांची घनता मोजणारी गाडी महिन्यातून एकदा दारात येणार आहे. पन्नास पूर्ण झालेल्यांची तपासणी होईल.

मग तिनं भिंतीवर दोन चित्रं लावली. एक चांगलं हाड, एक पोखरलेलं. म्हणाली, तुमच्यासारख्या बायकांत हे फार दिसतं आणि वेळेआधी दिसतं. वर्षानुवर्षं तळघरात, तंबूत काढलीत, अंगाला ऊन नाही, दूधदुभतं नाही, लवकर लवकर बाळंतपणं, आणि कितीतरी जणींची पाळी भीतीनं आणि उपासमारीनं लवकर थांबते. हाड आतून पातळ होत जातं, दुखत नाही, कळत नाही. एक दिवस शिंकलं तरी मोडतं.

जाऊबाईंचा प्लास्टरमधला हात मांडीवर होता. त्या पोखरलेल्या हाडाच्या चित्राकडे टक लावून बघत होत्या. पाच बाळंतपणं, त्यातलं एकही मूल आज जवळ नाही, आणि तळघरात अकरा महिने. हे तर त्यांचंच वर्णन. पण सिस्टरनं फाइल बघितली आणि म्हणाली, "यांना पन्नास व्हायला अडीच महिने आहेत. आणि हे तर न्हाणीघरात पडून मोडलंय. जानेवारीच्या यादीत पहिलं नाव यांचं घालते."

ते पडण्याचं खोटं मीच सांगितलेलं! आता कुठल्या तोंडानं सांगणार?

मग ती प्रत्येकीला पाळीचं विचारू लागली. माझी तिकडेच थांबली, तळघरात, चव्वेचाळिसाव्या वर्षी. पण कागदावर तेव्हा मी छत्तीसची होते. छत्तीसची बाई पाळी गेली म्हणाली तर चौकशी होणारच. मी म्हटलं, "चालू आहे. अगदी नियमित." जाऊबाईंनी मला कोपरानं ढोसलं. मी लक्ष दिलं नाही. प्रश्न त्यांचा आहे, माझा नाही.

निघताना सिस्टर सहज म्हणावं तसं म्हणाली, "कुणाच्या कार्डावर तारीख चुकली असेल तर मला सांगा. पुष्कळांची चुकलेली असते. त्यासाठी साधा अर्ज आहे." आणि म्हणताना बघत होती माझ्याकडे. असलं गोड बोलून काढून घेणारे मी खूप पाहिलेत. मी काय दुधखुळी आहे?

ठरलं. एक जानेवारीपर्यंत जाऊबाईंना जपायचं. सत्त्याहत्तर दिवस.

१९ ऑक्टोबर

जाऊबाईंसाठी नियम केलेत. बादली उचलायची नाही. वाकायचं नाही. एकटीनं जिना उतरायचा नाही. ओल्या फरशीवर पाय नाही. खुर्चीवर चढून खिडकी पुसायची नाही.

त्या म्हणाल्या, "श्वास घ्यायचा की तोही तूच घेणार माझ्यातर्फे?"

"हसा तुम्ही. मोडलं म्हणजे कळेल."

"मोडलंय की गं. आणि काय मोडायचं राहिलंय?"

माझा जीव टांगणीला लागलाय आणि यांना थट्टा सुचते. नळ तळमजल्यावर, खोली दुसऱ्या मजल्यावर. आजपासून पाण्याचे दोन्ही कॅन मीच चढवते. पूर्वी एकेक वाटून घ्यायचो. सकाळी दोन खेपा, कामावरून आल्यावर दोन. बेचाळीस पायऱ्या आहेत, आज पहिल्यांदाच मोजल्या.

२ नोव्हेंबर, रविवार

शेजारच्या खोलीतली बाई, जिला आम्ही वार्ताहर म्हणतो, बातमी घेऊन आली. पलीकडच्या वस्तीत एका बाईचं कार्ड रद्द झालं. काहीतरी खोटं लिहिलं होतं म्हणे. काय खोटं, हे वार्ताहरला ठाऊक नाही. दहा दिवसांत सामान उचलायला लावलं.

मी विचारलं, "वयाबद्दल होतं का?"

ती डोळे बारीक करून म्हणाली, "वयाबद्दल का असेल?"

मी दूध उतू जातंय असं सांगून आत पळाले. शेगडीवर काहीच नव्हतं. जाऊबाई पदराआड हसत होत्या. त्यांना भीती कशी वाटत नाही तेच मला समजत नाही. की मी दोघींच्या वाटची घाबरून घेते म्हणून त्या निवांत असतात?

९ नोव्हेंबर, रविवार

रंगारी येऊन खोलीला रंग देऊन गेले. रंग बरा दिलाय, पण दारामागची खुंटी काढून परत ठोकताना मेल्यांनी वर ठोकली. माझा कोट टांगायला टाचा उचलाव्या लागतात. जाऊबाईंना म्हटलं तर त्या खुंटीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "भोक जुनंच आहे गं." त्यांना आता दिसतंही कमी की काय?

तो कोटही लांब झालाय. खालची कड धुळीत लोळते. जन्मभर धुलाईत कापड आटताना पाहिलं, वाढताना हा पहिलाच. हल्लीचा मालच तसला.

पाठ दुखते. यंत्राच्या शेकानं कमी होईल म्हणून त्याच्याजवळ उभी राहते. काम आहे म्हटल्यावर पाठ दुखणारच, त्यात काय लिहायचं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज लॉन्ड्रीत बॉयलर बंद पडला, सगळ्यांना दुपारीच सोडलं. खोलीत येऊन बघते तर जाऊबाई नाहीत! धावत खाली गेले, तर बाई सिस्टरच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलेल्या.

"एकट्या जिना उतरलात?"

"ऊन खायला आले."

बाकावर ऊन नव्हतं. ते पलीकडच्या भिंतीवर होतं. तसं म्हटलं तर म्हणाल्या, "मघाशी इथेच होतं, सरकलं." सिस्टर दारातून माझ्याकडे बघून हसली, मला आत बोलावत होती. मी मान हलवून निघाले. गुरुवारी मी कामावर असते हेच बरं आहे.

वर आल्यावर जाऊबाईंनी काय विचारावं? "तिकडच्या घरी वरच्या फळीवरची डाळीची बरणी कोण काढायचं?"

"मी. तुमचा हात कुठे पुरायचा?"

"हं. आता माझ्यापेक्षा तू उंच वाटत नाहीस."

मी म्हटलं, डोळे तपासून घ्या, जानेवारीत तेही सांगू सिस्टरला. बेचाळीस दिवस राहिले. म्हातारपण एकदा आलं की काय काय घेऊन येतं! त्या हल्ली जुनं फार उकरतात. मला काळजी वाटते.

२७ नोव्हेंबर

प्लास्टर काढलं. हात काडीसारखा दिसतो. त्यांनी बोटं उघडझाप करून दाखवली आणि लगेच पाण्याच्या कॅनला हात घातला. मी हिसकावून घेतला. जिन्यातच आमची बाचाबाची झाली, वार्ताहर दार किलकिलं करून ऐकत होती.

आजच इथे राहण्याच्या कायमच्या कागदांचे फॉर्म आले. आठ वर्षं ज्याची वाट पाहिली ते पाकीट. शेवटच्या पानावर छापलंय, वरील सर्व माहिती खरी आहे, खोटी आढळल्यास परिणामांस मी जबाबदार. माझी सही मी केली. जाऊबाईंपुढे पान धरलं तर म्हणाल्या, "हे खरं नाहीये ना पण."

"आठ वर्षं नव्हतंच. आज काय नवीन?"

"तेव्हा विचारणारा मान वर करत नव्हता. ही सिस्टर मान वर करून विचारते."

म्हटलं, सही करा, उगाच तत्त्वज्ञान नको. त्यांनी केली. पण पेन असं ठेवलं की टेबलाला खड्डा पडावा.

१३ डिसेंबर

पडल्या पडल्या लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येणार. मी इस्पितळात आहे. मी, जाऊबाई नाहीत!

परवा सकाळी दुसरा कॅन घेऊन चढताना छत्तिसाव्या पायरीवर पाठीत काहीतरी आत बसलं. मोडलं असं नाही, बसलं. पाय होते पण उचलेनात. कॅन गडगडत खाली गेला. मला पहिली चिंता ही की पाणी सांडलंय, आता जाऊबाई घसरतील. मी तिथूनच वर ओरडत होते, "येऊ नका! ओलं आहे, येऊ नका!" त्या आल्याच. कठड्याला धरून, एकेक पायरी उतरत, माझ्या सगळ्या नियमांना धाब्यावर बसवून.

एक्सरे काढला. दोन मणके दबलेत. त्यातला एक जुना आहे, काही महिन्यांपूर्वीचा. मला तर आठवतही नाही कधी.

उंची मोजली. एकशे त्रेपन्न. मी म्हटलं तुमची पट्टी चुकीची आहे, कार्डावर बघा, एकशे अठ्ठावन्न लिहिलंय. परत मोजली, एकशे त्रेपन्नच. त्या कार्डावर एवढा एकच आकडा खरा होता. आता तोही गेला.

१५ डिसेंबर

हाडांच्या डॉक्टरबाई आल्या. शांत आहेत, ते जास्त भीतीदायक. म्हणाल्या, "चव्वेचाळीस वर्षं, पाळी नियमित, पडण्याचा इतिहास नाही. अशा बाईचे मणके आपोआप दबत नाहीत. आत मोठा आजार असू शकतो. कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज तपासावा लागेल. परवा करू."

मोठा आजार म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मला ठाऊक आहे तो आजार नाही. मी बावन्नची आहे, पाळी जाऊन आठ वर्षं झाली, तळघरात मीही होते. सिस्टरच्या त्या चित्रातलं पोखरलेलं हाड माझं होतं आणि मी जाऊबाईंकडे बघत बसले. दोन महिने चुकीच्या बाईची राखण केली. हे सगळं दोन वाक्यांत सांगता येतं. पण सांगितलं की माझं कार्ड जाईल, माझं गेलं की त्यांचं उघडं पडेल, आणि मग कसली गाडी, कुठल्या दिशेनं? सुई तर सुई. सुईनं कुणी मरत नाही.

आणि खरंच तो आजार निघाला तर? हे वाक्य लिहायला नको होतं.

१६ डिसेंबर

जाऊबाईंनी घात केला.

भेटायच्या वेळेला आल्या त्या सिस्टरला घेऊन. डॉक्टरबाई परवानगीच्या कागदावर माझी सही घ्यायला उभ्याच होत्या. जाऊबाईंनी कागदावर हात ठेवला. तोच मोडलेला हात. आणि इथल्या भाषेत, जी त्यांना येत नाही असं मी आठ वर्षं सगळ्यांना सांगत आले, त्या भाषेत एकेक शब्द ठेवत म्हणाल्या, "हिला सुई नको. ही बावन्न वर्षांची. मी एकसष्ट. पाळी आठ वर्षं नाही. मी पण पडले नव्हते."

मी आमच्या भाषेत ओरडले, "काय केलंत हे! सगळं घालवलंत!"

"तू काहीच घालवू नकोस म्हणून केलं," त्या म्हणाल्या.

"भाषा कधी शिकलात?"

"ऊन खाताना."

म्हणजे तेव्हापासून त्या बाकावर माझीच चर्चा! खुंटी, कोट, फळीवरची बरणी, सगळं सिस्टरच्या वहीत गेलेलं. सिस्टर मला कधीची बोलावत होती आणि मी मान हलवून निघून जात होते. मला इतका राग आला की मी भिंतीकडे तोंड करून पडले. त्या तासभर तशाच बसून होत्या. एकदा माझ्या पायावरचं पांघरूण नीट केलं. मी पाय आखडून घेतला.

डॉक्टरबाईंनी सुई रद्द केली. हे मात्र नोंदवायला हवं. रात्रंदिवस छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं, आणि त्याच्या जागी दुसरं येऊन बसलं.

२१ डिसेंबर, रविवार

घरी आले. कमरेला पट्टा. दोघींची तपासणी झाली, जाऊबाईंची हाडं ठिसूळ आहेत, माझी त्यांच्याहून ठिसूळ. थोरलीला मागे टाकलं कशात, तर यात.

दोघींना एकच गोळी, आठवड्यातून एकदा. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर पाण्यासोबत, आणि नंतर अर्धा तास ताठ बसायचं. आडवं व्हायचं नाही, खायचं नाही. आज समोरासमोर दोन खुर्च्यांत बसलो. एवढा वेळ नुसतं बसायची सवयच नाही. मी अजून त्यांच्याशी बोलत नव्हते, त्यामुळे तो अर्धा तास संपता संपेना.

विसाव्या मिनिटाला त्या म्हणाल्या, "अबोला ताठ बसूनही धरता येतो म्हणजे."

मला हसू फुटलं आणि पाठीतून कळ गेली. मग दोघीही रडलो. गोळी पोटात राहावी म्हणून ताठ बसूनच रडलो.

पाणी आता वार्ताहर आणून देते. मीच घातलेली बंदी मोडून जाऊबाईंनी तिला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, इतके दिवस सांगितलं का नाही? तिच्या कार्डावरही आठ वर्षं कमी आहेत!

२८ डिसेंबर

उद्या कार्यालयात बोलावलंय. सिस्टरनं तो साधा अर्ज भरून दिलाय. जोडीला डॉक्टरबाईंचं पत्र आहे. काय बोलायचं ते तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. भीती होती, अफवा होती, रांग होती, हे कागदावर फार खोटं दिसतं.

जाऊबाईंना सांगितलं, तुम्ही गप्प बसा, बोलेन मी.

"तू बोललीस म्हणून तर जायचंय," म्हणाल्या.

सामान बांधावं का असं मनात येतं. मग वाटतं, बांधलं तर खरंच निघावं लागेल. नाही बांधलं.

२९ डिसेंबर, सोमवार

सगळं ताजं आहे तोवर लिहिते.

तिसऱ्या मजल्यावरची लहान खोली. अधिकारी पन्नाशीचा, चष्मा कपाळावर. आमच्या जुन्या फाइली त्याच्यापुढे होत्या, सीमेवरच्या त्या टेबलावरची पानं. माझी तयारी ती पानं बघताच विरघळली.

त्यानं मला विचारलं, "यांचं वय बारा वर्षांनी कमी का सांगितलं?"

मी तोंड उघडलं आणि आवाजच निघेना. मी खुर्चीची कड घट्ट धरली. मग शेजारून जाऊबाई बोलल्या. "त्या दिवशी पन्नाशीच्या वरच्या बायका वेगळ्या गाडीत बसवत होते. हिनं मला बसू दिलं नाही."

"ती गाडी वृद्धांच्या सोयीसाठी होती," तो म्हणाला.

"असेल. कुठे गेली?"

त्यानं फाइल चाळली. एक पान, दुसरं पान. मग संगणकावर काहीतरी शोधलं. बराच वेळ शोधलं. आम्ही दोघी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. आठ वर्षं मी ती गाडी मनातल्या मनात कुठे कुठे नेऊन पाहिली होती. वाटलं, आता हा एखाद्या चांगल्या गावाचं, चांगल्या घराचं नाव घेईल आणि मी मूर्ख ठरेन. मूर्ख ठरायला माझी काही हरकत नव्हती.

"नोंद मिळत नाही," तो म्हणाला. चष्मा डोळ्यांवर घेतला, परत काढला.

टेबलाखाली जाऊबाईंनी माझा हात धरला होता, तो आवळला.

मग त्यानं मला विचारलं, आता आवाज निराळा होता, "यांचं कळलं. पण तुमचं? तुम्ही चव्वेचाळीसच्या होता. तुम्हाला त्या गाडीत कुणी बसवलंच नसतं. स्वतःचं वय का कमी केलंत?"

हे कुणी विचारेल असं मला वाटलंच नव्हतं. मला कानापर्यंत लाज वाटली. म्हटलं, "साहेब, यांना मी एक्केचाळीस केलं. मग मी चव्वेचाळीस कशी राहणार? मी धाकटी आहे."

"म्हणजे?"

"थोरल्या जावेपेक्षा धाकटी मोठी कशी असेल?"

त्याला अजिबात कळलं नव्हतं. जाऊबाई मात्र हसायला लागल्या, तोंडावर हात घेऊन, मग हात काढून. म्हणाल्या, "एवढ्यासाठी? अगं वेडे, एवढ्यासाठी पाठ मोडून घेतलीस?" आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहू लागले. त्यांनाही ठाऊक नव्हतं. आठ वर्षं त्यांना वाटत होतं, मी कामाच्या परवान्यासाठी केलं.

त्यानं जुन्या आकड्यांवर रेघ मारली. वर लिहिलं, एकसष्ट. बावन्न. मोठ्यानं वाचून दाखवलं, आम्ही सह्या केल्या. औषधोपचाराच्या कागदावर आजपासून खरं वय चालेल. कार्डं मात्र त्यानं ठेवून घेतली. दोन पावत्या दिल्या. निर्णय सहा आठवड्यांत कळवू, कायमच्या कागदांचं त्यानंतर बघू. "काळजी करू नका," असंही म्हणाला, पण ते सगळेच म्हणतात. मी काळजी करणार आहे.

बाहेर जिन्याशी आल्यावर मी सवयीनं पुढे झाले, जाऊबाईंच्या आधी उतरावं, त्या घसरल्या तर धरायला. त्यांनी मला दंडाला धरून मागे ओढलं आणि स्वतः एक पायरी खाली उतरून उभ्या राहिल्या. मग माझ्या हातातल्या कागदांच्या पिशवीसाठी हात पुढे केला.

"अहो, तुमचं मनगट..."

"गप्प. थोरली मी आहे."

मी पिशवी त्यांच्या हातात दिली आणि त्यांच्या मागोमाग उतरले.